सारथ्याच्या छातीतली धडधड

विराटाचा मुलगा उत्तर याची गोष्ट आपल्याकडे मुलांना हसवण्यासाठी सांगतात. राजा विराट सुशर्म्याशी लढायला गेलेला असतो, आणि इकडे कौरवांनी गाई वळवल्याची वर्दी येते. अंतःपुरातल्या बायकांपुढे उत्तर छाती फुगवून सांगतो की, मला एक चांगला सारथी मिळाला असता तर मी एकट्याने कौरवांना लोळवले असते. सारथी मिळतो : बृहन्नडा. धाकटी बहीण उत्तरा आपल्या बाहुल्यांसाठी कौरववीरांची रंगीत वस्त्रे आणायला सांगते. रथ निघतो. समोर भीष्म, द्रोण, कर्ण यांची सेना समुद्रासारखी पसरलेली दिसते, आणि राजपुत्राच्या अंगावर काटा उभा राहतो. तो रथातून उडी टाकतो आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. बृहन्नडा वेणी उडवीत मागे धावते आणि शंभर पावलांत त्याला केसांना धरून थांबवते.

वर्गात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा मुले इथपर्यंत पोट धरधरून हसतात. माझे लक्ष मात्र पुढच्या भागाकडे असते. अर्जुन त्या पोराला घरी पाठवीत नाही, आणि आता लढच असा हट्टही धरीत नाही. लढाई मी करतो, तू घोडे हाक, एवढेच सांगतो. आधी त्याला शमीच्या झाडावर चढवून शस्त्रे काढायला लावतो. हातांना काम देतो. मग लगाम त्याच्या हाती देतो आणि स्वतः त्याच्या पाठीशी उभा राहतो. लढाईच्या ऐन भरात उत्तराचे हातपाय पुन्हा गळतात, तेव्हा अर्जुन पुन्हा धीर देतो. संध्याकाळी रथ नगरीत परततो तो सारा दिवस घोडे हाकलेल्या उत्तराला घेऊन.

पुढे थोड्याच काळाने कुरुक्षेत्रावर याच अर्जुनाची पाळी आली. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून गळणारे धनुष्य ही सारी लक्षणे पहिल्या अध्यायात आली आहेत. त्याचा विषाद उत्तराच्या भीतीपेक्षा वेगळा आणि खोल होता, हे खरे. पण शरीराने ओळख दिली ती त्याच खुणांनी. तिथे सारथी श्रीकृष्ण होता. त्याने प्रथम झिडकारून पाहिले. पण झिडकारण्याने भागले नाही. अर्जुन लढणार नाही म्हणून गप्प बसला, आणि मग सारथ्याला सतरा अध्याय समजूत घालावी लागली. भ्यालेल्या माणसाला नुसते “भिऊ नकोस” म्हटल्याने काही होत नाही, हा अनुभव इतका जुना आहे.

या दोन गोष्टी मी मुद्दाम आरंभी घेतल्या. चाकांवर बसलेला माणूस आणि त्याच्या छातीतली धडधड यांचा संबंध मोटारी आल्यावर सुरू झाला, असे पुष्कळांना वाटते. तो तसा नाही. त्याला फार मोठा इतिहास आहे, आणि त्यात शस्त्रवैद्य, कादंबरीकार, सांधेवाले, मांजरे आणि एक तीन वर्षांचा मुलगा अशी नाना प्रकारची मंडळी आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकाशी माझा संबंध पुस्तकांपुरताच. परंतु शाळामास्तराला भ्यालेली मुले रोज दिसतात आणि कादंबरीकाराला भ्यालेली पात्रे रोज लिहावी लागतात. तेवढ्या अधिकारावर हा इतिहास सांगतो.

* * *

प्रथम शब्दांविषयी. भीती आणि चिंता यांत फरक आहे. पुढ्यात साप निघाला की वाटते ती भीती. साप नसताना गवत हलले की वाटते ती धास्ती. आणि गवतही हलले नाही, तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनात जे उठते ते काहूर. भीतीला समोर काहीतरी वस्तू असते, चिंतेला नसते. डेन्मार्कचा तत्त्वचिंतक कीर्केगार्ड याने १८४४ साली या फरकावर एक पुस्तकच लिहिले. आपल्या भाषेला मात्र हा फरक आधीपासून ठाऊक असावा. धाकधूक, हुरहूर, धसका, घोर, घालमेल असे किती शब्द आहेत पाहा, आणि प्रत्येकाची छटा निराळी! शिवाय आपण बोलताना शरीर विसरत नाही. आपल्या पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, काळीज लकलकते. मी कादंबऱ्यांतून ही वाक्ये इतक्यांदा वापरली आहेत की, ती केवळ अलंकार आहेत असे मलाही वाटू लागले होते. ती अक्षरशः खरी आहेत, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवले. ती हकीकत येईलच.

* * *

माणूस हजारो वर्षे बैलाच्या आणि घोड्याच्या वेगाने चालला. घोडा बुजत असे, पण तोही एक जीव होता. घोड्याला खड्डा दिसत होता, आणि धन्याला झोप लागली तरी बैल वाट चुकत नसत. आगगाडी आली आणि हा सोबती गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध व सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने. तोफांची सलामी झाली. पण या लोखंडी राक्षसाला बळी लागतो, रुळांखाली आणि पुलांखाली पोरे पुरतात, अशा कंड्याही त्या काळी पिकल्याचे जुने लोक सांगत. आज आपण त्यांना हसतो. परंतु ज्या गोष्टीची कळ आपल्या हाती नाही, तिच्या पोटात शिरून बसायचे म्हणजे मनाला काहीतरी आधार किंवा काहीतरी भूत हवेच असते. त्या माणसांना आधार मिळाला नव्हता. त्यांनी भूत निर्माण केले.

खरी परीक्षा होती ती बोरघाटाची. घाटातला गाडीरस्ता १८३० सालीच खुला झाला होता. आगगाडीसाठी मात्र १८५६ पासून १८६३ पर्यंत डोंगर फोडावा लागला. सुमारे पंचवीस किलोमीटरांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा उभा उतार. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे खपत होते, आणि पटकीच्या साथीत त्यांतले किती मेले याला गणती नाही. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार काम हाती घ्यायला विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. परक्या मुलखात विधवा झालेली त्याची बायको अ‍ॅलिस परत जाईल असे कुणालाही वाटले असते. तिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर चालवले आणि घाट पुरा केला. आपण खंडाळ्याला धबधबे बघायला जातो तेव्हा या बाईची आठवण कुणी काढीत नाही.

पण या घाटातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथले आडमार्ग. घाट उतरताना गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय, ही चिंता इंजिनियरांना होतीच. तिच्यावर त्यांनी काढलेली तोड अशी : उतारावर ठरावीक जागी, मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारा एक लहान मार्ग. सांधे नेहमी त्या आडमार्गाकडेच वळवून ठेवलेले. उतरणारी गाडी तिथे येऊन थांबली, ताब्यात आहे अशी खात्री पटली, म्हणजेच सरळ मार्ग मोकळा करायचा. गाडी सुसाट आलीच, तर ती आपोआप चढावर जाईल आणि आपल्याच वजनाने थांबेल. चिंता मनात घोळवीत न बसता ती रुळांच्या रूपाने जमिनीवर अंथरली की तिचे काय होते, ते इथे पाहावे.

* * *

बोरघाटातून गाडी धावू लागली त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ जून १८६५ रोजी, इंग्लंडात केंट परगण्यातल्या स्टेपलहर्स्ट गावाजवळ एक अपघात झाला. फ्रान्सहून बोटीने आलेल्या उतारूंना लंडनला नेणारी ही गाडी. बोट भरतीच्या वेळेवर अवलंबून, म्हणून गाडीची वेळही रोज निराळी. एका लहानशा नदीवरच्या पुलाची दुरुस्ती चालली होती आणि तिथले रूळ काढून ठेवले होते. मुकादमाने वेळापत्रक वाचण्यात चूक केली. गाडी यायला अजून अवकाश आहे असे तो समजला. निशाणवाला हजार यार्डांवर उभा असायला हवा होता, तो जेमतेम साडेपाचशे यार्डांवर होता. गाडी थांबू शकली नाही. दहा माणसे मेली, चाळीस जखमी झाली. पहिल्या वर्गाचे डबे एकामागून एक खाली गेले. एकच डबा तुटक्या पुलाच्या कडेला तिरका लटकत राहिला. त्या डब्यात चार्ल्स डिकन्स होता.

त्या दिवशी डिकन्स भ्याला नाही. तो डब्यातून बाहेर आला, सोबतच्यांना बाहेर काढले, ब्रँडीची बाटली घेतली, आपल्या टोपीत नदीचे पाणी भरले, आणि कितीतरी वेळ जखमींच्या तोंडात पाणी घालीत हिंडला. काहींनी त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडले. सगळे आटोपल्यावर त्याला आठवण झाली की, चालू कादंबरीच्या पुढच्या प्रकरणांचे हस्तलिखित डब्यातच राहिले आहे. तो पुन्हा त्या लटकत्या डब्यात चढला आणि ते घेऊन आला. मीही कादंबरीकार आहे. पण हे धाडस माझ्याच्याने झाले नसते, हे प्रांजळपणे सांगतो.

भीती आली ती मागाहून. पुढच्या काही दिवसांत त्याचा हात थरथरू लागला. पंधरा दिवस आवाज बसला. हे सगळे महिन्या-दोन महिन्यांत ओसरायला हवे होते, पण ओसरले नाही. गाडीला जराही हिसका बसला की तो दोन्ही हातांनी बाक घट्ट धरी, कपाळावर घामाचे थेंब येत, जवळ कोण बसले आहे याचे भान राहत नसे. हे त्याच्या मुलांनी लिहून ठेवले आहे. काही दिवस तो जलद गाड्या टाळून संथ गाड्यांनी गेला. तीन वर्षांनंतरही साध्या घोड्याच्या भाडोत्री गाडीत बसला असता एकाएकी भीतीची लाट येते, तिला कारण नाही हे कळते, पण ती आवरत नाही, अशी कबुली त्याने एका पत्रात दिली. ज्या माणसाने अपघाताच्या जागी ढळू दिले नाही, त्याचे मन सपाट रस्त्यावर ढळत होते.

१८६६ च्या नाताळात त्याने आपल्या नियतकालिकाच्या खास अंकात एका सिग्नलवाल्याची कथा लिहिली. आपल्याकडे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तशीच सणाच्या अंकाची ही विलायती प्रथा. त्या कथेतला सिग्नलवाला अपघातापूर्वी एक आकृती पाहतो. काहीतरी अरिष्ट येणार हे त्याला कळते. कुठे, केव्हा आणि कोणावर, हे कळत नाही. त्यामुळे तो कुणाला सावधही करू शकत नाही. चिंतेचे याहून नेमके चित्र मी वाचलेले नाही, आणि ते काढणाऱ्याने ते कुठून आणले हे आता वाचकांना सांगायला नको.

डिकन्सने प्रवास मात्र सोडला नाही. आपल्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचन करीत तो गावोगाव आगगाडीने फिरला. १८६७–६८ मध्ये अमेरिकेचा दौराही केला. बाक घट्ट धरून का होईना, पण गेला. १८७० साली तो वारला, ती तारीख पुन्हा ९ जूनच होती.

* * *

अशी माणसे डिकन्सखेरीज हजारो होती. अपघातातून धडधाकट बाहेर आलेली, हाड मोडलेले नाही, जखम नाही. पण झोप नाही, भूक नाही, पाठ दुखते, गाडीची शिट्टी ऐकली की अंग कापते. ही माणसे रेल्वे कंपन्यांकडे भरपाई मागू लागली, आणि प्रश्न कोर्टात गेला : यांना नक्की झाले आहे तरी काय? १८६६ साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी मत दिले की, धक्क्याने पाठीच्या कण्यातल्या मज्जेला इजा होते. लोक या विकाराला ‘रेल्वेचा कणा’ म्हणू लागले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्यांना खोडून काढले. ते स्वतः एका रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य, तेव्हा त्यांना कंपनीचा कैवार असणारच; तरी त्यांचे म्हणणे महत्त्वाचे होते. कण्याला काही झालेले नसते, नुसत्या भयाच्या धक्क्यानेही माणूस इतका आजारी पडू शकतो, असे ते म्हणाले. कंपनीचे पैसे वाचवायला निघालेल्या गृहस्थाच्या हातून मनाचे दुखणे खरे असते हे सिद्ध व्हावे, ही इतिहासाची मौज!

हा वाद वाचताना मला माझ्या मामांची आठवण झाली. ते ट्रक चालवीत. चिपळूणहून माल भरायचा, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला टाकायचा, हा वीस वर्षांचा परिपाठ. एका श्रावणात, मी तेव्हा सातवीत होतो, घाटात दरड ढासळली आणि एक मोठा धोंडा केबिनच्या पुढे हातभर अंतरावर पडला. मामांना खरचटलेही नाही. त्यांनी ट्रक मागे घेतला, मागच्या गाड्या थांबवल्या, आणि रात्री घरी येऊन हसत हसत हकीकत सांगितली. महिन्याभराने ते कामाला जाईनासे झाले. काय होते विचारले की म्हणत, पाठीत भरते. वैद्याचे तेल झाले, हाडांच्या डॉक्टरांचे फोटो झाले, पाठीत काही सापडेना. शेजारीपाजारी म्हणू लागले, गड्याने अंग चोरायला सुरुवात केली. कुणी अंगारा आणून दिला. एके दिवशी मामींनी त्यांना कोयरीच्या तांब्यातून पाणी पिताना पाहिले. बाहेर रस्त्यावर एका ट्रकने गियर बदलला, आणि मामांच्या हातातला तांब्या खळखळू लागला. मामींना त्या क्षणी कळले की दुखणे पाठीचे नव्हे. वीस वर्षे घाट चढणाऱ्या माणसाला “मला भीती वाटते” हे चार जणांत म्हणायची सोय नसते. “पाठ दुखते” म्हणायची असते. लंडनच्या कोर्टातल्या त्या माणसांनीही पाठच पुढे केली होती.

मामा बरे कसे झाले ते सांगण्यापूर्वी थोडी मांजरांची हकीकत सांगायला हवी.

* * *

अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचा शास्त्रज्ञ क्ष-किरणांनी मांजराच्या पोटातले पचन बघत होता. त्याला आढळले की मांजर बिथरले की जठराची हालचाल जागच्या जागी थांबते. अनेकांनी हा प्रयोगातला व्यत्यय समजून सोडून दिला असता. कॅननने त्याचाच माग काढला, आणि १९१५ साली भय व क्रोध यांनी शरीरात होणाऱ्या फेरफारांवर ग्रंथ लिहिला. संकट दिसले की मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे धावते. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. आपल्या आजीच्या पोटात गोळा येत असे तो हाच.

आता उत्तराचा विचार करा. तो रथातून उडी टाकून पळाला, म्हणजे शरीराने जी तयारी केली होती ती त्याने वापरली. घाटात मोटार हाकणाऱ्याला ही सोय नाही. शरीर म्हणते पळ, आणि हा पट्टा बांधून बैठकीला जखडलेला. श्वास भराभर चालतो. त्यामुळे रक्तातला कर्बवायू प्रमाणाबाहेर कमी होऊन डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. मग माणसाला वाटते, आता आपल्याला चक्कर येणार, आता हृदय बंद पडणार; आणि त्या विचाराने आणखी अ‍ॅड्रिनलिन सुटते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्याचा हा शारीरिक अर्थ. ही लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोहोचते आणि मग उतरते, हे ज्याला ठाऊक आहे तो अर्धा वाचला. छातीत दुखणे नवे असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. तिथे अंदाज चालत नाही.

पण थोडी धडधड वाईट नाही, हेही सांगायला हवे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा कठीण काम शिकताना फार सौम्य धक्क्याने उंदीर शिकत नाहीत आणि फार तीव्र धक्क्याने गोंधळतात, मध्यम धक्का सर्वांत गुणकारी, असे दिसले. ज्याला घाटात काहीच वाटत नाही, अशा माणसाच्या गाडीत मी तरी बसणार नाही.

मोटारीच्या जन्मकथेतही ही शहाणी धडधड आहे. कार्ल बेंझला आपल्या तीन चाकी गाडीचे पेटंट १८८६ साली मिळाले, पण गाडी लांब नेण्याची त्याची छाती होईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन गाडी काढून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरांहून थोडे जास्त. तेल संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून तेलासारखा द्राव घेतला. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. चढावर पोरांनी गाडी ढकलली. पण खरी काळजी उताराची होती, कारण लाकडी ब्रेक झिजत चालले होते. बाईने वाटेत चांभाराला गाठले आणि ब्रेकवर चामडे ठोकून घेतले. बोरघाटातल्या आडमार्गाच्या जातीचेच हे चामडे. तिला उताराची धास्ती वाटली नसती तर चांभार आठवला नसता.

* * *

आता तो तीन वर्षांचा मुलगा. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला पीटर म्हणतात. त्याला सशाची भीती वाटे. ससाच नव्हे, लोकरीचा कोट आणि कापूससुद्धा त्याला चालत नसे. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचे खात बसला की पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा, इतका दूर की पोराचे खाणे थांबू नये. दुसऱ्या दिवशी जरासा जवळ. न भिणारी दुसरी मुलेही आसपास असत. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊ लागला. घाई केली असती तर खाऊचीच भीती बसली असती. सारी करामत त्या वीतभर अंतराची. या धाग्यावरून दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी पुढे पद्धत बांधली. युद्धात भ्यालेल्या सैनिकांवर औषधांचा फारसा इलाज चालत नाही हे त्यांनी लष्करात पाहिले होते. स्वस्थ होण्याचा सराव करायचा, भीतीच्या पायऱ्या मांडायच्या, आणि सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करायची, हे त्यांच्या १९५८ च्या ग्रंथाचे सार. आजही वाहनाची धास्ती घेतलेल्यांना डॉक्टर या जातीचाच उपचार देतात, आणि तो बहुतेकांना लागू पडतो.

आमच्या मामांना वोल्पे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मामींनी एका वयस्कर ड्रायव्हरला घरी बोलावले. त्यांनी उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मामांना आपल्या ट्रकमध्ये क्लीनरच्या जागी बसवले आणि घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीपर्यंत नेले. चहा प्यायले, परत आणले. आठवडाभर एवढेच. पुढच्या आठवड्यात पहिल्या वळणापर्यंत. मामांचा श्वास चढला की ट्रक कडेला घ्यायचा, धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे, आणि ओसरल्यावरच परतायचे. भीतीच्या भरात परतायचे नाही, हा त्यांचा एकच दंडक होता. दिवाळीच्या सुमाराला मामा स्वतः चाकावर बसले, म्हातारबुवा शेजारी. तुळशीच्या लग्नानंतर ते एकटे कऱ्हाडला जाऊन आले. धोंडा पडला त्या जागी मात्र ते पुढे नेहमी एकदा हॉर्न वाजवीत. हे सारे आठवले की मला पीटरचा ससा दिसतो आणि उत्तराच्या पाठीशी उभा असलेला अर्जुनही दिसतो.

बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितल्याने त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे. घाटातून जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे वाहतात. कुणी याला भाबडेपणा म्हणेल. मी एवढेच पाहतो की, नाणे वाहायचे तर गाडीचा वेग कमी करावा लागतो. क्षणभर लक्ष आपल्याकडे आणि पुढच्या उताराकडे जाते. श्वास एकदा पुरा सुटतो. लिंबू-मिरची बांधून ब्रेक तपासले नाहीत तर तो दोष लिंबाचा नव्हे.

* * *

आता सणाचे दिवस आहेत. घरोघरी कुणी ना कुणी चाकांवर आहे. लेकी-जावई निघालेत, मुलगा नवी गाडी घेऊन घाट उतरतो आहे. अशा वेळी या सगळ्या इतिहासातून घरापुरते काय घ्यावे? चाकावर बसलेल्याने छाती धडधडू लागली तर वेग कमी करून, मागचे पुढचे बघून, सुरक्षित जागी गाडी कडेला घ्यावी. श्वास आत ओढण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यावे. लाट उतरू द्यावी. शेजाऱ्याने दिलेली झोपेची किंवा शांत होण्याची गोळी घेऊन गाडी चालवू नये; १९५५ नंतर या गोळ्यांचा जगभर सुळसुळाट झाला, पण त्यांनी धास्तीबरोबर सावधपणाही झोपतो. एकदा घाबरलो म्हणून तो रस्ता कायमचा टाळू नये, कारण टाळलेला रस्ता दरवर्षी लांब होत जातो. घरच्यांनी हसू नये. स्वतःला झेपत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकावर २०२२ पासून फुकट सल्ला मिळतो आणि मराठीतून बोलता येते.

आणि एक विनंती घरी वाट बघणाऱ्यांना. मराठीत काळजी या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. काळजी करणे निराळे, काळजी घेणे निराळे. दर अर्ध्या तासाला फोन करून “कुठवर आलात?” विचारणारी आई काळजी करीत असते, आणि तिचा तो फोन घाटाच्या वळणावर वाजतो. निघण्यापूर्वीच ठरवून टाका : अमुक ठिकाणी चहाला थांबाल तेव्हा तुम्ही फोन कराल, मधे आम्ही करणार नाही. तोवर घरात काम काही कमी नसते. करंज्यांचे सारण व्हायचे असते, कंदिलाची वायर पाहायची असते. हातांना काम द्या, आणि जो येतो आहे त्याला गाडी हाकू द्या.